डी-लूपची दोरी निवडताना: ती तुटत नाही, निसटते

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रत्यंचेवर नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या टोकाच्या) मागे दोरीची छोटीशी कडी असते, तो डी-लूप. रिलीज म्हणजे बोटांऐवजी प्रत्यंचा धरून सोडणारं हातातलं साधन. त्याचा आकडा प्रत्यंचेत न अडकवता या कडीत अडकवायचा. त्यामुळे ओढ बरोबर बाणाच्या मागून येते, सर्व्हिंग (प्रत्यंचेवर गुंडाळलेला संरक्षक धागा) कुरतडली जात नाही आणि सुटताना प्रत्यंचेला आकड्याचा हिसका बसत नाही. लागते जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर दोरी, पण धनुष्य ओढताना सगळा भार तिच्यावर असतो आणि ती चेहऱ्यापासून चार बोटांवर असते. ओढता ओढता निसटली तर मूठ थेट दातांवर येते. पूर्ण ओढल्यावर निसटली तर बाण मनाला येईल तिकडे जातो.

दोरी घेताना बहुतेक जण विचारतात, "किती किलोला तुटते?" निवड चुकते ती या प्रश्नापासूनच. स्पर्धेत कंपाउंडला ओढीचा भार जास्तीत जास्त ६० पाउंड चालतो, म्हणजे सुमारे २७ किलो. तो भार लूपच्या दोन पायांत वाटला जातो, म्हणजे एका पायावर साडेतेरा किलो. पूर्ण ओढल्यावर ८० टक्के लेट-ऑफ असेल, म्हणजे चाकांमुळे भार तेवढा कमी होत असेल, तर हातात साडेपाच किलोच उरतात. २ मिलिमीटरची चांगली विणलेली दोरी याच्या कितीतरी पट भार सहज पेलते. म्हणून ताकद कमी पडली आणि लूप तुटला, असं क्वचितच होतं. लूप जातो तो तीन कारणांनी: टोकाची वितळवलेली गुंडी गाठीतून निसटते, गाभा वेष्टनाच्या आत सरकतो, किंवा रिलीजचा आकडा दोरी थोडी थोडी कापत राहतो. दोरी या तीन गोष्टींवर पारखा.

धागा कुठला

पॉलिस्टर घ्या. याला सरळ कारण आहे. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि गार झालं की टणक होतं. त्याची गुंडी दाबली तरी आकार सोडत नाही. वेणीचा पृष्ठभाग थोडा खरखरीत राहतो, त्यामुळे गाठ सर्व्हिंगला धरून बसते. ते पाणीही जवळजवळ पीत नाही. नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं, ओलं झालं की लांबतं आणि भाराखालीही जास्त ताणलं जातं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जुलैत सराव करणाऱ्याला हा फरक जाणवतो. सकाळी ओल्या लूपवर अँकर (पूर्ण ओढल्यावर हात चेहऱ्याशी टेकतो ती जागा) एका जागी आणि दुपारी वाळल्यावर दुसऱ्या जागी, अशा दोरीवर साइट (नेम धरायची खूण) बसवणं म्हणजे नुसता मनस्ताप.

प्रत्यंचा डायनीमाची (एका अतिबळकट पॉलिथिलीन धाग्याची) असते, मग लूपही डायनीमाचाच मजबूत होईल, हा समज फार पसरलेला आहे. तो मनातून काढून टाका. डायनीमाचा धागा ओढीला प्रचंड बळकट, पण तितकाच गुळगुळीत. गाठ धरत नाही. शिवाय दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो आणि त्याची गुंडी मेणासारखी मऊ होते. हाताने ओढून बघितलं तर घट्ट वाटते, पण शे-दोनशे बाणांनंतर गुंडी चपटी होऊन गाठीत शिरू लागते. केव्हलारच्या जातीचे धागे तर वितळतच नाहीत, नुसते करपतात. त्यांची गुंडी होणारच नाही. पॅराकॉर्ड (पॅराशूटच्या धर्तीची दोरी) सुमारे ४ मिलिमीटर जाड आणि आतून सुट्या धाग्यांची, ती रिलीजच्या जबड्यात नीट मावत नाही. बुटाची नाडी, पडद्याची दोरी, संक्रांतीचा नायलॉन मांजा यांतलं काहीही लूपला लावू नका. मांज्यावर तर बंदीच आहे.

तिरंदाजीसाठी विणलेली डी-लूपची दोरी मिळते. बीसीवायसारख्या प्रत्यंचेचा धागा करणाऱ्या कंपन्या ती विकतात. तीच घ्यावी. एका मीटरमध्ये साडेअकरा सेंटीमीटरचे आठ तुकडे निघतात, म्हणजे एका धनुष्याला बराच काळ पुरतात. इतक्याशा दोरीत काटकसर करू नये.

तरी पाकीट नसलेली, रिळावरून कापून दिलेली दोरी हातात पडतेच. आपल्याकडे नाशिकच्या मेन रोडवर काय, कुठेही गेलात तरी कुठल्याही कृत्रिम दोरीला "नायलॉन दोरी" म्हणतात, मग ती पॉलिस्टरची असो की पॉलिप्रोपिलीनची. ओळखायला घरातलं एक भांडं पुरतं. पेलाभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, दोरीचा दोन सेंटीमीटर तुकडा पिंजून त्यात सोडा आणि बोटाने दाबून आतली हवा काढा. पॉलिप्रोपिलीन आणि डायनीमा पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. नायलॉन आणि पॉलिस्टर तळाला जातात. तरंगलेली दोरी तिथेच बाद करा.

बुडालेली दोरी चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं, किंचित गोडसर वास येतो आणि टोकाला कडक काळपट मणी राहतो. नायलॉनचा धूर पांढरट असतो आणि मणी करडा-तपकिरी. कागद जळाल्यासारखा वास येऊन राख झाली तर त्यात सूत आहे. हे उघड्यावर करा. वितळलेला थेंब बोटावर पडला तर चिकटतो आणि कातडीसकट निघतो.

वेणी आणि गाभा

आता दोरी हातात घेऊन बघा. पाच सेंटीमीटर अंतरावर दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि एका चिमटीने वरचं वेष्टन दुसरीकडे ढकला. वेष्टन गोळा होत असेल आणि आतला गाभा जागच्या जागी राहत असेल तर ती दोरी नको. अशा दोरीची गुंडी नुसत्या वेष्टनाला चिकटते. गाभा आत सरकला की गुंडी पोकळ होते आणि एके दिवशी टोपीसारखी निघून येते. चांगल्या दोरीत वेष्टन आणि गाभा एकजीव असतात, ढकलल्यावर जेमतेम हलतात.

मग दोरी बोटांमध्ये फिरवा. ती गोलच राहायला हवी, चपटी व्हायला नको. घट्ट दुमडून सोडली की थोडी उसळून परत यावी. लूपला हा ताठपणा लागतो. मऊ दोरीचा लूप लोंबतो, आकडा अडकवताना प्रत्येक वेळी शोधावा लागतो आणि नॉकवर तिरका दाब येतो. फार ताठ, प्लॅस्टिकच्या नळीसारखी दोरीही नको, कारण तिची गाठ पूर्ण आवळली जात नाही.

रंगाकडे बहुतेक जण शोभा म्हणून बघतात. आमच्या मते फिकट किंवा भडक रंग घ्यावा: पिवळा, पोपटी, नारिंगी. लव सुटली, चकाकी आली, गाभा डोकावू लागला, हे त्यावर लगेच दिसतं. काळ्या लूपवर झीज लपते.

जाडी रिलीजवरून ठरते

दोन जाड्या जास्त चालतात: २ मिलिमीटर आणि साधारण दीड मिलिमीटर. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) असतो. दोरी न दाबता हलकेच मापून घ्या. मनगटावरच्या पट्ट्याचा, दोन जबड्यांचा रिलीज असेल तर २ मिलिमीटर बरी. हिंज (फिरवून सुटणाऱ्या) किंवा थंब (अंगठ्याने सुटणाऱ्या) रिलीजचा आकडा बारीक आणि खोबण लहान असेल तर दीडची बरी बसते, पण ती लवकर बदलावी लागते.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. धनुष्य न ओढता आकडा लूपमध्ये अडकवा आणि तो पूर्ण बंद होतो का ते उजेडात बघा. दोरी जाड झाली की आकडा ९० टक्के बंद होऊन थांबतो. वरून बंद वाटतो, पण आतला खटका बसलेला नसतो. अशा वेळी रिलीज अर्ध्या ओढीत सुटतो आणि दोष दोरीला दिला जातो.

लूप कुरतडणारा खरा शत्रू रिलीजच असतो. आकड्याच्या आतल्या कडेला बारीकशी धार किंवा कंगोरा राहिलेला असतो. कापसाचा छोटा बोळा त्या कडेवरून सावकाश ओढा. एखादा तंतू जरी अडकला तरी कंगोरा आहे. सराफ वापरतात तसं भिंग मिळालं तर तो डोळ्यांनाही दिसतो. २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, काडीला गुंडाळून, फक्त दोरी टेकते तेवढीच गोलाई हलक्या हाताने घासा. खटक्याचे, म्हणजे एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग अजिबात घासू नका. तिथे कणभर धातू गेला तरी रिलीज आपोआप सुटू लागतो. लूप दर पंधरा दिवसांनी एकाच जागी झिजत असेल तर नवी दोरी आणण्याआधी हे तपासा.

लांबी एकदा ठरवा आणि लिहून ठेवा

२ मिलिमीटरच्या दोरीला ११ ते ११.५ सेंटीमीटरचा तुकडा लागतो. दीडच्या दोरीची गाठ कमी दोरी खाते, तिला १० ते १०.५ पुरते. बांधून झाल्यावर प्रत्यंचेपासून लूपच्या आतल्या कडेपर्यंत १२ ते १५ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. त्याहून आखूड झाला तर आकडा नॉकला किंवा सर्व्हिंगला घासतो. लांब झाला तर रिलीजचा हात तेवढाच मागे जातो, अँकर हलतो आणि पीपमधून (प्रत्यंचेत बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या भोकातून) दिसणारं चित्र बदलतं.

तीन मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. कंपाउंडचं लक्ष्य ५० मीटरवर असतं आणि ८० सेंटीमीटरच्या चकतीवर दहाचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं. २०२३च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० गुण घेतले, म्हणजे पंधराही बाण त्या ८ सेंटीमीटरच्या आत. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली. या पातळीचा नेम धरायचा असेल तर हात दरवेळी त्याच जागी यायला हवा, आणि लूप बदलला की ती जागाच बदलते. म्हणून जमलेल्या लूपचा कापलेल्या तुकड्याचा आकडा वहीत लिहा आणि पुढचा प्रत्येक तुकडा त्याच रिळाचा, त्याच मापाचा कापा.

गुंडी

सगळं काम इथे आहे, घाई करू नका. तुकडा धारदार पात्याने सरळ कापा. बोथट कात्रीने टोक चपटं होतं. दोन्ही टोकांचे चार-पाच मिलिमीटर बोटांनी उलगडा आणि प्रत्यंचेला नव्हे, टेबलाच्या कडेला घासून कापसासारखे पिंजा. न पिंजता जाळलं तर गुंडी दोरीच्याच जाडीची होते आणि तिला गाठीत अडकायला खांदा मिळत नाही.

लायटरची ज्योत लहान ठेवा आणि टोक ज्योतीच्या बाजूला, निळ्या भागाजवळ धरा, पिवळ्या शेंड्यात घालू नका. पिंजलेले धागे आत ओढले जातात, कडा चमकू लागते आणि थेंब फुगतो. दोरी बोटांत सावकाश फिरवत राहा, नाहीतर थेंब एका बाजूला ओघळतो. पेट घेतला तर फुंकर मारून लगेच विझवा. थेंब अजून मऊ असताना चमच्याच्या पाठीवर उभा टेकवून हलकेच दाबा. त्याने खिळ्याच्या डोक्यासारखी टोपी होते. दोरी २ मिलिमीटरची असेल तर टोपी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हवी.

काळी, बुडबुडे असलेली गुंडी फेकून द्या. करपलेलं पॉलिस्टर ठिसूळ होतं. नखाने दाबल्यावर कण निघाला तर तो तुकडा बाद. गुंडीच्या मुळाशी दोरी अरुंद झाली असेल तर उष्णता खाली उतरलेली असते आणि तिथून ती मोडते. गुंडीची कडही चाचपून बघा, टोकेरी राहिली तर सर्व्हिंगच्या धाग्यात रुतते.

दोन्ही गुंड्या धनुष्यापासून दूर, आधीच करून ठेवा. एक टोक बांधून दुसरं प्रत्यंचेजवळ जाळायची सवय अनेकांना असते. प्रत्यंचेचा डायनीमा दीडशे अंशांना वितळतो आणि लायटरची ज्योत त्याच्या कित्येक पट गरम असते. दोरी वाचवण्याच्या नादात प्रत्यंचा जाते, आणि आत किती धागे गेले ते वरून दिसत नाही.

बांधणी

धनुष्य स्टँडवर ठेवा. बो-स्क्वेअरने (प्रत्यंचेवर लावायच्या काटकोनी पट्टीने) नॉकची जागा बघा. बाण रेस्टवर (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधारावर) काटकोनात किंवा मागून किंचित वर, ३ मिलिमीटरपर्यंत, ही सुरुवात ठीक आहे. सर्व्हिंगच्या धाग्याने नॉकच्या वर आणि खाली छोटे नॉकिंग पॉइंट (नॉकची जागा ठरवणाऱ्या गाठी) बांधलेले असतील तर फार चांगलं. लूप बदलला तरी नॉकची जागा हलत नाही. आखूड धनुष्याला प्रत्यंचेचा कोन तीव्र होतो, म्हणून नॉक दोन पॉइंटांच्या मध्ये अगदी कोंबून बसवू नका. कागद सरकेल एवढी फट ठेवा. नॉक चिमटला गेला की बाण रेस्टवरून उचलला जातो.

वरची गाठ अशी: गुंडीपासून दोन सेंटीमीटरवर दोरी दुमडून कडी करा. ती कडी प्रत्यंचेला पलीकडून वळसा देऊन पुढे आणा आणि तिच्यातून गुंडीचं टोक आणि लांब टोक दोन्ही ओढून घ्या. खालच्या गाठीला एकच टोक मोकळं असतं. ते प्रत्यंचेभोवती फिरवा, लांब दोरीवरून पलीकडे न्या, उलट दिशेने पुन्हा फिरवा आणि तयार झालेल्या कडीखालून बाहेर काढा. वरची गुंडी डावीकडे असेल तर खालची उजवीकडे आली पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला आल्या तर ओढताना लूप एकाच दिशेने फिरतो आणि पीपही फिरतं.

गाठी अजून सैल असताना लूप फिरवून पीपच्या सरळ रेषेत आणा. मग आवळा. त्यासाठी उलटी उघडणारी पक्कड मिळते. ती नसेल तर गॅरेजच्या सामानाच्या दुकानात बाहेरच्या सर्कलिपची पक्कड मागा. मूठ दाबली की तिचे जबडे उघडतात, अगदी हवं तसं. टोकं अणकुचीदार असतात, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर दोरी टोचली जाईल. पक्कड लूपमध्ये घालून थोडं ताणा, गुंड्या मागे सरकून गाठीला टेकल्या का बघा, पुन्हा ताणा. एका झटक्यात आवळलं की गाठ वाकडी बसते. गाठीखालच्या सर्व्हिंगला मेण लावू नका, मेणावर लूप सरकतो.

नव्या जातीची दोरी पहिल्यांदा वापरणार असाल तर आधी धनुष्याबाहेर परीक्षा घ्या. ३ मिलिमीटरच्या ड्रिलच्या गुळगुळीत दांडीवर तसाच लूप बांधा, दांडी शिकंज्यात (व्हाइसमध्ये) आडवी पकडा, लूपला सामान तोलायचा ५० किलोचा काटा अडकवा आणि ४० किलोपर्यंत दहा वेळा ओढा. गुंडीशेजारी पेनाची खूण करून ठेवा. खूण गाठीत शिरली तर ती दोरी किंवा ती गुंडी नको. डोळ्यांना चष्मा लावा आणि ओढीच्या रेषेत उभे राहू नका.

नव्या लूपवरचे पहिले पाच बाण तीन-चार मीटरवरून, जाड लक्ष्यासमोर. बाण लावूनच ओढा, तोंड मिटलेलं ठेवा, रिलीजचा हात चेहऱ्यापासून थोडा बाजूला धरा. पहिल्या ३० ते ५० बाणांत गाठ बसते आणि लूप मिलिमीटरभर लांबतो. साइट त्यानंतरच पक्की करा. स्पर्धेच्या आदल्या रात्री बांधलेला लूप म्हणूनच धोक्याचा.

कधी बदलायचा

रोज १५० बाण, आठवड्यातून सहा दिवस मारले तर महिन्याला ३,६०० च्या आसपास होतात. इतका सराव असेल तर चांगल्या अवस्थेत दिसला तरी दोन महिन्यांनी लूप बदला. कमी सराव असेल तर झिजेवरून ठरवा. आकडा टेकतो तिथे आधी लव सुटते. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. मग तो भाग चपटा होऊन चकाकतो, आता नवा तुकडा कापून ठेवा. करकोचा पडला, म्हणजे तिथे दोरी बाजूपेक्षा बारीक दिसू लागली, किंवा वेष्टनाची एखादी लड तुटून गाभा दिसला, की त्याच क्षणी सराव थांबवा. गुंडी आधीपेक्षा लहान किंवा गाठीत अर्धी बुडालेली दिसली तरीही तेच.

धूळ हे आपल्याकडचं वेगळं दुखणं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत मैदानावरची बारीक माती वेणीत शिरते आणि आतून घासते. ओल्या फडक्याने लूप पुसत जा. नखाने खरवडू नका.

बाणांच्या पिशवीत दोन लूप तयार ठेवा. दोन्ही टोकांना गुंडी केलेले, मापाचे, छोट्या डबीत. सोबत पक्कड आणि लांबी लिहिलेली चिठ्ठी. स्पर्धेत लूप गेला तर मैदानावर लायटर पेटवायची वेळ येणार नाही.